गणपती गवंड्याचा स्लॅब

दाजी सकाळी उठले की आधी स्लॅबला पाणी, मग स्वतःला. कामावर नवा स्लॅब पडलेला असला की त्यावर पाणी खेळवल्याशिवाय हा माणूस चूळसुद्धा भरायचा नाही. माझी आक्का वैतागायची. "लगीन माज्यासंगं केलंयसा का सिमिटासंगं?" म्हणायची. दाजी म्हणायचे, "तू मागून घेतीस की. त्येला कुठं तोंड हाय?" आणि बादली घेऊन शिडीला लागायचे.

ज्यांनी कधी घर बांधलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काँक्रीट ओतलं म्हणजे स्लॅब झाला असं नसतं. पुढचे दोन आठवडे त्याला रोज पाणी लागतं, त्या पाण्यावरच तो आतून घट्ट होतो. नाही मिळालं तर वरून दगड आणि आतून भुगा, मग तडे, मग गळती, आणि नशीब फुटकं असेल तर कुणाच्या तरी डोक्यावर. म्हणून स्लॅबवर चिखलाचे बारके बांध घालून आळी करतात आणि त्यांत पाणी साठवून ठेवतात. आमच्यात त्याला पाणी मारणं म्हणतात. एवढं लक्षात ठेवा, बाकी बांधकामातलं काही कळायची गरज नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मीनाबाईचे मालक. नाव गणपती. बौद्धाच्या घरात गणपती कसा, असं विचारू नका. जन्म छप्पनच्या आधीचा, नाव आज्यानं ठेवलेलं. धर्म बदलला, देव्हारा गेला, नाव मात्र शाळेच्या दाखल्यावर राहिलं. मी प्रसेनजीत, नंतरचा. आम्ही सगळे गडमुडशिंगीचे. आक्काला मी आई मेल्यापासून आईच्या ठिकाणी मानतो, आणि दाजींशी माझं रोज भांडण व्हायचं, कारण मला राग लगेच येतो आणि त्यांना येतच नव्हता. निदान दिसत तरी नव्हता.

तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या हाताखाली गवंडीकाम केलं. कोल्हापुरात बंगले बांधले, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शेड उभारल्या. बंगल्याच्या पायापासून छपरापर्यंत त्यांचा हात फिरलेला असायचा, आणि वास्तुशांतीला जेवायचं आमंत्रण असायचं ते मागच्या दारी, सगळ्यांचं उरकल्यावर. दाजी जायचे. मला हे सहन व्हायचं नाही. मी म्हणायचो, "कशाला जाता लाचारासारखं?" ते म्हणायचे, "जेवाय न्हाय जात. स्लॅब कसा बसलाय बगाय जातो."

त्र्याण्णव साली कळलं की सरकारचा एक नियम आहे. ठरावीक रकमेच्या आतली सरकारी बांधकामं टेंडर न काढता मजुरांच्या सोसायट्यांना द्यायची. राबणाऱ्यालाच काम मिळावं, मधला ठेकेदार नको, असा त्यामागचा विचार. विचार चांगला होता, मी नावं ठेवत नाही. आम्ही वस्तीतल्या गवंड्यांनी, बिगाऱ्यांनी मिळून 'मैत्री मजूर सहकारी संस्था' नोंदवली. दाजी चेअरमन. मी बारावी नापास पण अक्षर बरं, म्हणून सेक्रेटरी. त्या दिवसापासून दाजींनी मला नावानं हाक मारणं सोडलं. चारचौघांत मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "काय सेक्रेटरी, बरं हाय न्हवं?"

सोसायटी झाली, काम काही मिळेना. कामं वाटणाऱ्या कमिटीच्या दारात आम्ही सहा वर्षं चपला झिजवल्या. कामं जायची ती नावापुरत्या मजुरांच्या सोसायट्यांना. त्यांत मजूर म्हणून चेअरमनची बायको, मेहुणा, घरचा ड्रायव्हर, आणि खुद्द चेअरमनच्या हाताला जन्मात घट्टा नाही. आम्ही गेलो की साहेब विचारायचे, "तुमच्या संस्थेला अनुभव काय?" मी म्हणायचो, "काम द्या, मग अनुभव येईल." साहेब म्हणायचे, "अनुभव आणा, मग काम देतो." एकदा एका बड्या ठेकेदाराचा माणूस घरी आला. नाव तुमचं वापरतो, काम आम्ही करतो, तुम्ही घरात बसून हिस्सा खा, म्हणाला. दाजींनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "पावणं, आमाला बसून खायची सवं न्हाय." मग त्या दारानंही कुणी आलं नाही.

नव्व्याण्णवच्या सुरुवातीला नोटीस आली. इतक्या वर्षांत संस्थेनं एकही काम केलेलं नाही, तरी नोंदणी का रद्द करू नये. म्हणजे बघा, द्यायचं नाही आणि केलं नाही म्हणून मारायचं. त्याच महिन्यात एक नवे अधिकारी आले होते. डोकं जरा सरळ असावं, किंवा तक्रारींना कंटाळले असावेत. त्यांनी त्या खेपेला कामांच्या चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या संस्थेच्या नावानं चिठ्ठी निघाली, आणि ती वाचून मी कपाळावर हात मारला. काम होतं एका गावातल्या देवळापुढचा सभामंडप.

गाव शाहूवाडीकडचं, मलकापूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून. नाव घेत नाही. घेतलं तर बदनामी केली म्हणून माझ्याच अंगावर येतील, आणि तसं गाव काही एकच नाही.

आमच्या वस्तीत त्या रात्री विहारात बैठक बसली. आकाराम म्हणून आमचे एक म्हातारे, तरुणपणी स्वतःच्या हातानं घरातले देव पंचगंगेत सोडून आलेले, ते काठी आपटून म्हणाले, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या काय देवाला मांडव घालाय?" निम्मी बैठक त्यांच्या बाजूला गेली. मीसुद्धा मनातून त्यांच्याच बाजूला होतो. दाजी उठून म्हणाले, "देव आत हाय, देवळात. आपुन भाईर काम करायचं. पैसा सरकारचा, सिमिट सरकारचं. पूजा करनार न्हाय, नारळ फोडनार न्हाय, हात जोडनार न्हाय. पर ह्ये काम सोडलं तर सोसायटी मेली. मग आपली पोरं पुन्ना दुसऱ्याच्या हाताखाली." आकाराम म्हातारे उठून गेले. बाकीचे राहिले.

गावात गेलो तर सरपंच उदयसिंह ओट्यावर बसलेले. गोड माणूस. गोड माणसांचा मला आधीपासून धसका आहे. "या पावणं, बसा की," म्हणाले. कागदावरचं नाव वाचून खूश झाले, "नाव तर देवाचंच हाय की." मग आडनाव वाचलं, गाव विचारलं, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. त्यानंतर चहा आला तो त्यांना कपबशीत आणि आम्हाला प्लॅस्टिकच्या कपात. उदयसिंह म्हणाले, "आमचं काय म्हननं न्हाय बगा. सरकारनं धाडलंय तुमाला. मार्चच्या आत स्लॅब पडूं दे, नायतर निधी परत जाईल. आनि चैत्रात जत्रा हाय." म्हणजे आम्ही नको होतो, पण निधी हवा होता. दाजींनी चहा संपवला, कप चुरगाळून खिशात घातला आणि जागेची मापं घ्यायला गेले.

पाण्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. देवळाशेजारी ग्रामपंचायतीची टाकी, तिला नळ. आमच्या कामावरच्या चिमणाबाईनं घमेलं नळाखाली धरलं तसा आरडाओरडा झाला. शेवटी तोड निघाली. ग्रामपंचायतीचा केरबा म्हणून पाणी सोडणारा माणूस होता, त्यानं पाईप धरून आमचं बॅरल भरून द्यायचं, आमच्या माणसानं नळाला हात लावायचा नाही. मी भडकलो. दाजी म्हणाले, "काँक्रीटला विचार, कुनाच्या हातचं पाणी हाय म्हनून." मग आम्ही तसंच काम केलं. गावाबाहेर रस्त्याकडेला पत्र्याचं शेड घालून राहिलो. पाया झाला, खांब उभे राहिले, स्लॅबखालच्या फळ्यांचं सेंट्रिंग लागलं. आक्का तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापायची आणि दिवसभर घमेली उचलायची.

स्लॅबच्या दिवशी दाजी मला वेगळे वाटले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वर उभे, आणि आवाज चढलेला. त्या माणसाचा आवाज मी तीस वर्षांत चढलेला ऐकला नव्हता. मिक्सर सकाळपासून धडधडत होता, बाया रांगेनं घमेली वर देत होत्या, आणि दाजी ओरडत होते, "हाण, हाण, थांबू नगो." मला तेव्हा कळलं, तीस वर्षांत हा त्यांचा पहिला स्लॅब होता. बाकीचे सगळे ठेकेदारांचे होते. दिवस मावळता काम संपलं. स्लॅब पडला की कामकऱ्यांना गोड घालायची रीत असते, आक्कानं मसालेभात आणि जिलेबी केली. गावातल्या कुणी घेतली नाही. केरबानं तेवढ्या चार जिलेब्या वर्तमानपत्रात बांधून घेतल्या, इकडं तिकडं बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर चिखलाची आळी बांधली, पाणी भरलं. खाली बघतो तर उदयसिंह, देवळाचा पुजारी आणि गावातली पाच-सहा वयस्कर माणसं उभी.

"झक्कास झालं काम पावणं," उदयसिंह म्हणाले. "आता खाली या."

"पाणी मारायचंय," दाजी वरून म्हणाले. "दोन हप्तं तरी."

"त्ये आमची पोरं मारतील. तुमी कशाला तरास घेताय?"

पुजाऱ्याला गोड बोलता येत नव्हतं. तो म्हणाला, "काम चाललं हुतं तवर मांडव तुमचा. आता स्लॅब पडला, आता त्यो देवाचा झाला. देवाच्या डोक्यावर तुमी पाय द्यायचा न्हाय."

मी म्हणालो, "आणि तुमची पोरं काय उडत उडत पाणी मारणार आहेत?"

"आमच्या पोरांची गोष्ट येगळी," उदयसिंह म्हणाले. तोंडावरचं हसू तसंच.

मी भांडायला उभा राहिलो होतो, पण दाजी शिडीवरून उतरले. त्याच दुपारी सरकारी इंजिनिअर आले, त्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हा गावाचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. पण स्लॅबला तडा दिसला तर मी काम पास करणार नाही. संस्था काळ्या यादीत जाईल." आणि जीपमध्ये बसले. रात्री शेडमध्ये मी दाजींना नाही नाही ते बोललो. दाजी म्हणाले, "सोताच्या देवाचा मांडव कोन वाळवंल, सेक्रेटरी? घालतील पाणी." खरंच वाटत होतं त्यांना तसं. इतकी वर्षं या जगात काढून या माणसाला तसं वाटू शकत होतं, याचा मला अजून राग येतो.

गावानं पाणी घातलं नाही. मुद्दाम वाळवला असंही म्हणता येत नाही, तेच तर जास्त लागतं. गावात दोन तालमी. देवाच्या मांडवाला पाणी घालायचा मान कुणाचा, यावरून त्यांची जुंपली. ह्यांना वाटलं ते घालतील, त्यांना वाटलं हे घालतील. वर चैत्राचं ऊन पेटलेलं. दाजी दिवसभर रस्त्यापलीकडं आंब्याखाली बसून स्लॅबकडं बघत राहायचे. केरबा दिसला की विचारायचे, "मारलं का रं पाणी?" केरबा मान खाली घालून म्हणायचा, "मारलं की." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाजी मला म्हणाले, "खोटं बोलतोय त्यो. वळचणीला थेंब न्हाय. भिजलेला स्लॅब कडंनं ठिबकतो." रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर होत होते.

उजाडायला ते बादली घेऊन गेले आणि शिडी लावून वर चढले. मी मागं धावलो. वर भाजलेल्या तव्यासारखा कोरडा पडला होता स्लॅब, आळ्यांचा चिखल फुटून पोपडे निघालेले, आणि एका कोपऱ्यात केसाएवढी रेघ उमटायला लागलेली. दाजी खाली बसले, तिच्यावरून बोट फिरवलं आणि बादली ओतली. तेवढ्यात देवळात दिवा लावायला आलेल्या पुजाऱ्यानं पाहिलं. माणसं जमली. दाजींना खाली ओढलं, दोन-चार थोबाडीत बसल्या, ओठ फुटला. मी मध्ये पडलो तर मलाही बसल्या. उदयसिंह आले आणि म्हणाले, जत्रा तोंडावर आहे, हात आवरा. मग पुजारी म्हणाला, मांडव धुवायला पाहिजे.

आणि आम्ही रस्त्यावरून बघितलं. गोमूत्र शिंपडलं गेलं. केरबानं टाकी सोडली. बाया, पोरं, म्हातारी माणसं घागरी-कळश्या घेऊन रांगेला लागली, शिडीवर माणसं उभी राहिली, हातोहात पाणी वर जायला लागलं. दोन दिवस ज्या गावाला एक तांब्या ओतायला फुरसत नव्हती ते गाव घामाघूम होऊन पाणी घालत होतं. दोन्ही तालमींची पोरं खांद्याला खांदा लावून. थोड्या वेळानं वळचणीनं पाणी ठिबकायला लागलं. दाजी ओठ पुसत होते आणि डोळे वर.

"भिजला," ते म्हणाले.

"थोबाड बघा तुमचं आधी," मी म्हणालो.

"भिजला म्हंतो न्हवं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा उठून बसले. म्हणाले, "सेक्रेटरी, आज बी चढाय लागतंय." मला वाटलं मार डोक्याला लागला. त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं, वाळू-सिमेंटचं प्रमाण सांगावं तसं. ती माणसं पाणी मारत नाहीत, पण धुतात. आपण चढलो तर धुणारच, न धुऊन जातील कुठं? रोज एक माणूस चढला की रोज स्लॅब भिजेल. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हणालो, "तुमच्या पावलांचा विटाळ धुतात ते. आणि तुम्ही त्याच्यावर बांधकाम करणार?" दाजी म्हणाले, "जलमभर त्यो विटाळ वागवला. एवढा तरी उपेग हूं दे त्येचा." आक्का चुलीपाशी बसली होती. ती भाकरी थापत राहिली.

ते रोज चढले. वर जायचं, चारी बाजूंनी एक फेरी मारायची, उतरायचं. उतरल्यावर मार. मग धुणं. एकदा पाठीत काठी बसली, एकदा कानाखाली अशी बसली की त्या कानानं पुढं ऐकूच आलं नाही. मी तलाठ्याकडं गेलो, पोलीस पाटलाकडं गेलो, सगळ्यांनी एकच सांगितलं, तुम्ही चढू नका, ते मारणार नाहीत. गावाला बहुतेक डाव कळला असावा, पण करणार काय? धुतलं नाही तर आमची पावलं मान्य केल्यासारखं. एका संध्याकाळी केरबा शेडकडं आला, आत न येता बाहेरनंच बोलला, "उद्या जरा लौकर चढा. टाकी सकाळी काठोकाठ असत्या." आणि अंधारात निघून गेला. मला त्याला शिव्या द्याव्यात का हात जोडावेत कळेना.

मग उदयसिंहांनी बजावलं की आता चढलात तर पाय जाग्यावर राहणार नाहीत. त्या सकाळी दाजी वर पोचले, फेरी मारली, आणि उतरायला शिडीवर पाय ठेवला तेव्हा खालून कुणीतरी शिडी ओढली. कुणी ते मला माहीत आहे. दाजी पाठीवर पडले. मी त्यांना हलवायचा प्रयत्न केला तर कमरेखाली अंग मेल्यासारखं. मग पुजारी म्हणाला, मांडव बाटलाय. आणि खरं सांगतो, वर धुणं सुरू झालं. दाजी खाली पडलेले, मी ट्रॅक्सवाल्याला हाका मारतोय, आणि वळचणीचं पाणी ठिबकून त्यांच्या छातीवर पडत होतं. दाजींनी त्या पाण्याकडं बघितलं आणि डोळे मिटले. त्यांना बरं वाटलं असावं. त्यांच्या चेहऱ्यावर तसं होतं, आणि मी ते कधी विसरणार नाही.

कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? दाजी म्हणाले, "कामावर पडलो." मी ओरडलो. मी म्हणालो, ॲट्रॉसिटी घालतो, एकेकाला आत घालतो. दाजींनी माझं मनगट धरलं. "पंचनामा हुईल. काम बंद पडंल, मांडवाला कुलूप लागंल. कुलपात स्लॅब वाळंल. केस घालायची तर सर्टिफिकेट हातात आल्यावर घाल." मी रडलो त्या दिवशी, बायकांच्या वॉर्डापर्यंत ऐकू जाईल असा. दाजींना कसं समजवायचं हे मला कधीच जमलं नाही.

ते त्या खाटेवरून उठले नाहीत. श्रावणात गेले. सर्टिफिकेट त्यानंतर आलं, 'काम समाधानकारक' असं. इंजिनिअरनं स्लॅबवर हातोडी मारून बघितली होती आणि खणखणीत आहे म्हणाले होते. ती केसाएवढी रेघ पुढं सरकली नाही. त्या कागदावर नोंदणी वाचली, आणि पुढच्या सहा-सात वर्षांत संस्थेला शाळेच्या दोन खोल्या, एक गटार, एका दवाखान्याचं कुंपण अशी कामं मिळाली. केस मी घातली. सर्टिफिकेट आल्यावर. एकही साक्षीदार उभा राहिला नाही, आणि दवाखान्याच्या कागदावर दाजींच्याच तोंडचं 'कामावर पडलो' होतं. मांडवाच्या खांबावर संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर पुष्कळ नावं आहेत. परवा पावसात एसटीची वाट बघत मी समोरच्या आंब्याखाली भिजत उभा होतो. आत माणसं बसलेली, कोरडी.

पण मला खरं सांगायचं आहे ते दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळची वेळ. दाजी रात्रभर गुंगीत होते. डोळे उघडले, आक्काकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. वाटलं पाणी मागतील. मी तांब्या उचलला. ते म्हणाले, "आज कोन चढलं?"

मी तांब्या पुन्हा खाली ठेवला. कुणीच चढलं नव्हतं. आम्ही सगळे दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो होतो, आणि तिकडं ऊन चढत होतं.

आक्का उठली. केस बांधले, पदर कमरेला खोचला. मला म्हणाली, "प्रसेन, चल." आम्ही एसटीनं गेलो. पुढं आम्ही पाळ्या लावल्या, चिमणाबाई चढली, मी चढलो, आणि ते आकाराम म्हातारे, बैठकीतून उठून गेलेले, तेसुद्धा काठी टेकत आले आणि चढले. पण त्या दिवशी पहिली आक्का गेली.

गाव सुन्न होतं. आदल्या दिवशीच्या प्रकारानं घाबरलं होतं, कुणी पुढं येईना. शिडी देवळाच्या मागं टाकलेली होती, ती आक्कानं स्वतः ओढत आणली, लावली, आणि चढली. चपला खाली काढून. वर ती सगळीकडं फिरली, कडेकडेनं, मधून, प्रत्येक आळ्यात पाय ठेवत. आळी कोरडी होती. मग मधोमध बसली. खाली माणसं गोळा झाली. उदयसिंह आले, आज हसू नव्हतं तोंडावर. "बाई, झालं ते झालं. उतरा खाली. कोन काय बोलनार न्हाय तुमाला."

"बोलू नगासा," आक्का म्हणाली. "धुवाय लागा."

कुणी हलेना. आक्काही हलेना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी पुजाऱ्यानं केरबाला खूण केली, टाकी सुटली, घागरी भरायला लागल्या. आक्का उतरली, पण गेली नाही. रस्त्यावर माझ्याशेजारी उभी राहून मान वर करून बघत राहिली, दाजी बघायचे तशी. माणसं घाईघाईनं पाणी ओतत होती. धुणं उरकलं, शिडीवरची पोरं उतरायला लागली, तेव्हा आक्कानं हात वर केला. सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"त्या वरल्या कोपऱ्यात न्हाय पोचलं पाणी. तितंबी पाय ठेवलाय म्या."